चौथी बाजू

बेबीताईच्या उजव्या मनगटात बांगड्या असतात आणि डाव्या मनगटात चिकटपट्टीचं रीळ. खाकी रंगाची रुंद पट्टी, खोक्यांना लावतात ती. सकाळचा चहा झाला की रीळ हातात चढतं आणि रात्री जेवायला बसताना उतरतं. मध्ये पाहुणा आला, शेजारी हळदीकुंकू असलं, तरी रीळ हातातच. एकदा लग्नाच्या पंगतीत वाढताना ते वरणाच्या बादलीत पडलं. गाव अजून त्यावर हसतं. बेबीताईही हसते. रीळ काढून ठेवत नाही.

पिंपळखुटा म्हणजे गुरुकुंज मोझरीच्या पलीकडचं, कालव्याच्या काठचं गाव. चहूकडे कपाशीची पऱ्हाटी आणि सोयाबीन. मधल्या पट्ट्यात काही घरांची फुलं. शेवंती, निशिगंध, गुलाब. त्यातलं एक घर वामनरावांचं आणि बेबीताईचं. नवरा पाणी देतो, खत टाकतो, फवारणी करतो. फूल तुटलं की त्याचं राज्य संपलं. पुढचं राज्य बायकोचं.

खोक्यात आधी प्लास्टिक अंथरायचं. त्यावर फुलांचे थर. वर ओलं फडकं. मग प्लास्टिक दुमडून घ्यायचं आणि चारी बाजूंनी पट्टी. एकही फट नाही. एसटीत खोकं कुठे ठेवतील याचा नेम नसतो. दाराशी ठेवलं तर मोझरीपासून अकोल्यापर्यंत नुसता गरम वारा. वारा शिरला की पाकळीच्या कडा काळ्या पडतात. अकोल्याचा व्यापारी एकदा वैतागून म्हणाला होता, "बेबीताईचं खोकं उघडत नाही, फोडावं लागते." त्यानं तक्रार केली होती. बेबीताईनं ती शाबासकी म्हणून घेतली आणि गावभर सांगितली.

मोझरीच्या थांब्यापर्यंत खोकी पोचवायचं काम देवानंदचं. तो तिचा भाचा. भाऊ भगवंत दर्यापूरकडे राहतो. तिथली जमीन काळी, खोल, पण विहिरीचं पाणी खारं. तिथं फुलं होत नाहीत. भगवंतनं पोराला बहिणीकडे फुलांचं काम शिकायला आणून सोडलं. जाताना मोटरसायकलवर बसून म्हणाला, "ताई, एकच हाय."

"माहीत हाय मले," बेबीताई म्हणाली. "तू जाय."

आता रागिणीबद्दल सांगायला हवं.

रागिणी त्याच आळीतली. भाजीवाल्या गजेंद्रची मुलगी. लहानपणी बेबीताईच्या रिकाम्या खोक्यांवर उड्या मारल्या म्हणून तिच्याकडून कान पिळून घेतलेला. ती आयुर्वेदाची डॉक्टर झाली. पुढे तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलं आणि एकशे आठच्या अँबुलन्सवर डॉक्टर म्हणून लागली. गावात कुजबूज झाली. एवढं शिकून पोट्टी गाडीवर काम करते म्हणे. पाणवठ्यावर कोणी तरी हे बोललं तेव्हा बेबीताई म्हणाली, "गाडीवर नाई तं काय बैलबंडीवर करन? माणूस रस्त्यावर पडते, बाई. दवाखान्यात जाऊन नाई पडत."

एका हिवाळ्यात हायवेवर एक ट्रकचालक दगावला. त्याच्या छातीला जखम होती. रागिणी पोचली तोवर लोकांनी त्याची छाती दुपट्ट्यानं करकचून बांधली होती, पाणी पाजलं होतं, आडवं निजवलं होतं. सगळं मायेनं केलेलं. त्यानंतर रागिणी सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊ लागली. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना संपली की लोक उठायच्या आत उभी राहायची. लोक शांत बसलेले असतात अशी ती एकच वेळ.

पिंपळखुट्यात ती उभी राहिली तेव्हा बेबीताई पुढच्याच रांगेत होती. रीळ मनगटात.

"छातीले भोक पडलं," रागिणी म्हणाली, "की हवा तिकूनच आत शिरते. फुफ्फुसात नाई शिरत. फुफ्फुसाच्या बाहेर, छातीच्या पोकळीत शिरते. मंग फुफ्फुसाले फुगायले जागाच राह्यत नाई. म्हणून त्या भोकावर साफ प्लास्टिक ठेवायचं. तीन बाजूनं चिकटवायचं. चौथी बाजू उघडी."

"काहून?" बेबीताईनं विचारलं.

"श्वास आत घेतला की प्लास्टिक भोकावर बसते. हवा आत जात नाई. श्वास सोडला की आतली हवा उघड्या बाजूनं निंगून जाते."

"आन् चौथी लावली तं?"

"तं आतली हवा कोंडते. फुफ्फुस फाटलं असन तं तिकून आणखी हवा येत राह्यते. फुफ्फुस दबते, मंग हृदय दबते. माणूस जाते, काकू."

बेबीताईनं मान हलवली. पटलं होतं. पण रुचलं नव्हतं. "एक बाजू सोडली की काम अर्धं टाकल्यासारखं दिसते वं," ती म्हणाली.

लोक हसले. वामनराव मागून म्हणाले, "रागिणी, इले नको शिकवू. हे मले झोपेत चारी बाजूनं पट्टी लावून टाकन."

मग सरावासाठी माणूस हवा होता. वामनरावांनाच पुढे ओढलं. सदरा काढला. बेबीताईनं त्यांच्या छातीवर प्लास्टिक ठेवून तीन बाजू चिकटवल्या. खालची उघडी ठेवली. रागिणी म्हणाली, "वा काकू." पट्टी ओढून काढताना वामनराव ओरडले ते मोझरीच्या आश्रमापर्यंत ऐकू गेलं असेल. छातीचे केस पट्टीवर आले होते. त्या संध्याकाळी गाव जे शिकलं ते बहुधा त्या ओरडण्यामुळेच लक्षात राहिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलवाल्यांना श्वास घ्यायलाही उसंत नसते. झुंजूमुंजू झालं तेव्हा देवानंद भरलेली खोकी मोटरसायकलच्या मागे बांधून मोझरीला निघाला. बेबीताई दुसरी खेप भरत होती.

गावाबाहेरच्या वळणावर पऱ्हाटीतून रोही निघालं. नीलगाय, घोड्याएवढं जनावर. ते रस्ता बघत नाही, गाडी बघत नाही. देवानंदनं ब्रेक दाबला. गाडी घसरली आणि तो रस्त्याकडेच्या तार कंपाउंडवर जाऊन आदळला. त्या कंपाउंडचा एक लोखंडी अँगल मोडून वाकला होता. त्याचं टोक देवानंदच्या उजव्या बरगड्यांत शिरलं आणि तो बाजूला कोसळताना निघून आलं.

चंद्रभान दूध घेऊन मागून येत होता. तो गाडी वळवून ओरडतच गावात शिरला. "बेबीताई! देवानंद पडला! छातीत घुसलं त्याच्या!"

बेबीताई जशी होती तशी धावली. हातात अर्धं कापलेलं प्लास्टिक होतं, तेही तसंच.

तिथं माणसं जमली होती. देवानंद जमिनीवर होता. भोक लहानच होतं, नाण्याएवढं. रक्तही फार नव्हतं. पण आवाज येत होता. श्वास आत घेतला की सुर्र. सोडला की फेस.

"पाणी आणा रे."

"दुपट्टा द्या, बांधून टाकू घट्ट."

"टाका माह्या गाडीवर. मधात बसवतो, कोणी मागून धरा."

"कोणी हात लावाचा नाई!" बेबीताई म्हणाली. हा आवाज गावानं आजवर फक्त खोकी आपटणाऱ्या कंडक्टरसाठी ऐकला होता. सगळे थांबले. "पाणी नाई पाजाचं. बांधाचं नाई. चंद्रभान, एकशे आठले फोन लाव. रागिणीचीच गाडी येईन. तिले सांग, छातीले भोक हाय, सुर्र सुर्र करते."

तिनं देवानंदला कंपाउंडला टेकवून अर्धवट बसवलं. जखमेच्या अंगाला थोडं कलतं. शर्ट फाडला. पदरानं भोकाभोवतीची कातडी कोरडी केली, कारण ओल्यावर पट्टी बसत नाही हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. प्लास्टिक तळहाताएवढं कापलं. देवानंदनं श्वास सोडला तसं ते ठेवलं. वर पट्टी. डावीकडे पट्टी. उजवीकडे पट्टी.

खालची बाजू मोकळी.

देवानंदनं श्वास घेतला. प्लास्टिक आत ओढलं गेलं आणि भोकावर बसलं. सुर्र थांबली. त्यानं श्वास सोडला. खालच्या कडेतून फेसाळ रक्त आणि हवा पुटपुटत बाहेर आली. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. बेबीताई बघतच राहिली. रागिणीनं सांगितलं होतं तेच, जसंच्या तसं, तिच्या हाताखाली होत होतं.

देवानंदनं डोळे उघडले. "आत्या, दुखते."

"दुखू दे. दुखते म्हणजे हायेस."

कोणी तरी म्हणालं, "बेबीताई तं डॉक्टरीण निघाली." कोणी तरी खोकी गोळा करायला लागलं. शेवंती रस्ताभर सांडली होती. रोही केव्हाच पऱ्हाटीत नाहीसं झालं होतं.

मग चंद्रभान वाकून बघत म्हणाला, "अवो बेबीताई, खालून सुटली पट्टी. रगत येऊन राहिलं तिकून."

तिनं बघितलं. खरंच. कड फडफडत होती. रक्ताचा ओघळ पोटावर आला होता. ज्या बाईचं खोकं अकोल्याला फोडावं लागतं तिच्या कामात सगळ्या गावासमोर एक बाजू उघडी होती.

हाताला विचारायची सवय नव्हती. रीळ फिरलं. दातानं पट्टी तुटली. अंगठ्यानं कड दाबली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आजवर हजारो खोक्यांवर दाबली तशी.

"आता बसली," चंद्रभान म्हणाला.

बेबीताईलाही बरं वाटलं. काम पुरं झालं की वाटतं तसं.

थोड्या वेळानं देवानंद बोलेनासा झाला. तिनं त्याला हाक मारली. त्यानं ओठ हलवले. श्वास आता भराभर चालला होता, कुत्र्यासारखा, वरच्या वर. ओठ जांभळे झाले. कपाळावर गार घाम. ती पदरानं पुसत होती. घाव आतून जास्त असेल, तिला वाटलं. देवा, भगवंतला काय सांगू?

अँबुलन्सचा आवाज आला.

कुंदननं गाडी उभी करायच्या आत रागिणी उतरली. कुंदन गाडी चालवतो आणि गाडी थांबली की तिचा दुसरा हात होतो. बेबीताई उठून उभी राहिली. आवाजात अभिमान होता. "रागिणी, तू सांगितलं तसंच केलं वं. पाणी नाई पाजलं, बांधलं नाई, प्लास्टिक लावलं."

रागिणी गुडघ्यावर बसली. "देवानंद, माहा आवाज येते काय?" त्यानं पापण्या हलवल्या. तिनं तोंडात बघितलं, रक्त अडकलं नव्हतं. कुंदननं ऑक्सिजन लावला, बोटाला चिमटा लावला. रागिणीनं मान बघितली. मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. गळ्याच्या खालच्या खळगीत बोट ठेवलं. श्वासनळी मधोमध नव्हती, डावीकडे सरकली होती. मग छाती. डावी बाजू वरखाली होत होती. उजवी फुगून तशीच थांबली होती.

तिनं छातीवर एक बोट ठेवलं आणि दुसऱ्या बोटानं त्यावर ठोकलं. बाजारात मडकं वाजवून घेतात तसं. डावीकडे आवाज भरीव. उजवीकडे रिकाम्या पिंपासारखा. कानाला नळी लावून ऐकलं. उजवीकडे काहीच नाही.

"बीपी?"

"कमी हाय, मॅडम. लय कमी."

हे सगळं बोलण्यापेक्षा लवकर झालं. बेबीताईला वाटलं, ही पोरगी देवानंदला तपासत नाही, वाचते आहे. वरून खाली, एकेक ओळ, एकही न गाळता.

मग रागिणीची नजर प्लास्टिकवर आली. ते पापडासारखं फुगलं होतं.

तिनं वर बघितलं. "काकू," ती म्हणाली, "चौथी."

बेबीताईनं खाली बघितलं. चारी बाजू बंद होत्या. काम सुबक होतं.

रागिणीनं नखानं खालची कड उचलली. पट्टी सहज निघेना. बेबीताईची होती ती. तिनं कात्री घातली. फस्स करून हवा सुटली, रक्ताचे थेंब रागिणीच्या चष्म्यावर उडाले. देवानंदच्या छातीनं एक उसासा टाकला. ओठांचा रंग किंचित वळला. चार श्वास. मग पुन्हा घरघर. पुन्हा जांभळे.

"भोकात रक्त गोठून बसलं," रागिणी म्हणाली. "इकून आता हवा येणार नाई. कुंदन, जाड सुई."

ती सुई बघून चंद्रभान मागे सरला. निशिगंधाच्या कळीएवढी लांब. रागिणीची बोटं उजव्या बरगड्या मोजत काखेच्या पुढच्या रेषेत आली. ती पुटपुटत होती, स्वतःलाच सांगत होती. "बरगडीच्या वरच्या कडेनं. खालून शिरा जातात." तिनं जागा पुसली. एका क्षणापुरतं तिनं डोळे मिटले. बेबीताईनं ते पाहिलं. दुसऱ्या कोणी पाहिलं नाही.

सुई आत गेली.

सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडावी तसा आवाज झाला. लांब, थंड, थांबेचना. रागिणीनं आतली सुई ओढून घेतली आणि बारीक नळी तिथंच ठेवून चिकटवली. मानेच्या शिरा उतरल्या. उजवी छाती हलली. कुंदन यंत्राकडे बघत आकडे सांगत होता आणि प्रत्येक आकड्याला त्याचा आवाज थोडा चढत होता.

देवानंदनं डोळे उघडले. आधी आकाश बघितलं. मग आत्याला.

"आत्या," तो म्हणाला, "रोही मेलं काय?"

"नाई मेलं. पऱ्हाटीत गेलं."

"साल्याले."

कोणी तरी हसलं. मग सगळेच हसले, आणि दोघं-तिघं डोळे पुसत बाजूला झाले. बेबीताई हसली नाही. ती हातातलं रीळ बघत होती. तिनं ते काढून कंपाउंडच्या तारेवर अडकवलं.

"काकू, गाडीत बसा," रागिणी म्हणाली.

"मी नाई येत. माह्या हातानं..."

"काकू, कुंदन गाडी चालवन. मले सलाइन लावायचं हाय, ऑक्सिजन पाहायचा हाय, नळी पाहायची हाय. हे प्लास्टिक कोण पाहीन? बसा."

ती बसली. रागिणीनं जखम पुसून नवं प्लास्टिक ठेवलं, तीन बाजूंनी चिकटवलं, आणि बेबीताईचा हात उचलून चौथ्या बाजूशी ठेवला. "फुगलं की कड उचलायची. बाकी काई करायचं नाई. डोयेबी हलवायचे नाई."

मोझरी मागे पडली. हायवेवर गाडी नुसती वाहत होती. नांदगाव पेठेच्या टोलनाक्यावर कुंदननं भोंगा दाबूनच धरला. बेबीताईनं खिडकीबाहेर एकदाही बघितलं नाही. प्लास्टिक आत जायचं, बाहेर यायचं. एकदा फुगलं. तिनं कड उचलली. हवा गेली. तिनं कड सोडली. तिच्या अंगठ्याला आयुष्यात पहिल्यांदाच दाबायचं नव्हतं. त्यानं दाबलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "रागिणी, म्या मारलं असतं काय याले?"

रागिणी नाडी बघत होती. तिनं मान वर केली नाही. "हो," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "आन् तीन बाजू लावल्या नसत्या, बांधून गाडीवर टाकला असता, तं मी यायच्या आधीच गेला असता. काकू, दोन्ही खरं हाय. मी एकच सांगितलं तं खोटं होईन."

बेबीताईला ते उत्तर आवडलं. का ते तिला सांगता आलं नसतं. कोणी गोड बोलून समजूत घातली असती तर ती कोसळली असती.

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर तयार होते. रागिणीनं चालता चालता सांगितलं. उजवीकडे छातीला आत शिरलेली जखम, हवा कोंडली होती, सुईनं काढली, आता बीपी ठीक. एकही शब्द जास्त नाही. देवानंदच्या बरगड्यांमधून आत जाड नळी घातली. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. बाटलीत बुडबुडे उठू लागले. छातीतली हवा पाण्यातून बाहेर पडत होती, आणि पाणी बाहेरची हवा परत आत जाऊ देत नव्हतं.

बेबीताईनं बाटली निरखून बघितली. "म्हणजे हे बी तसंच," ती म्हणाली. "जाऊ देते, येऊ देत नाई."

"तसंच," सर्जन बाई म्हणाल्या. "जखमेवरचं प्लास्टिक पहिल्यांदा कोणी लावलं होतं?"

रागिणीनं तोंड उघडलं. बेबीताई आधी बोलली. "म्या. तीन बाजू शिकवल्यापरमाणं लावल्या. चौथी सवयीनं लावली. थे चुकलं."

सर्जन बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी हात बांधून ठेवीन माहे."

"हात नका बांधू," बाई म्हणाल्या. "हातांमुळेच हा इथवर आला."

दुपारी वामनरावांचा फोन आला. देवानंदचं विचारून झालं. मग जरा थांबून त्यांनी घाबरत विचारलं, "अवो, राह्यलेली खोकी भरून राहिलो. पट्टी तीन बाजूनं लावू का चारी?"

"फुलाले चारी!" बेबीताई ओरडली. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. "माणसाले तीन!"

भगवंत दर्यापूरहून जीपनं आला तेव्हा ऊन उतरत होतं. तो पोरापाशी गेला, पायाला हात लावून बघितला, बाटलीकडे बघितलं. मग बाहेर येऊन बाकावर बहिणीशेजारी बसला. बेबीताईनं ठरवलंच होतं. तिनं सगळं सांगितलं. अँगल, सुर्र, तीन बाजू, चंद्रभान, चौथी बाजू, सुई. काहीही मागंपुढं केलं नाही. सांगून झाल्यावर ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली. एकच हाय, तो म्हणाला होता.

भगवंतनं खांद्यावरचा दुपट्टा हातात घेतला. त्याची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

"ताई," तो म्हणाला, "मी असतो न तिथं, तं हेच घेऊन करकचून बांधलं असतं. पाणीबी पाजलं असतं."

तिनं भिंतीवरून नजर काढून दुपट्ट्याकडे बघितलं.

"शिकव मले," तो म्हणाला. "आमच्या इकडे कोणाले माहीत नाई."

तिनं त्याला तिथंच शिकवलं. जेवणाच्या डब्याची प्लास्टिकची पिशवी त्याच्या सदऱ्यावर ठेवली. नर्सबाईंकडून पट्टी मागून घेतली. तीन बाजू लावल्या. खालची बाजू त्याला बोटानं दाखवली, पुन्हा पुन्हा. भगवंतला पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं.

दसरा वॉर्डातच झाला. पुढच्या दिवसांत बाटलीतले बुडबुडे कमी होत गेले. एक्स-रेच्या फोटोत फुफ्फुस हळूहळू पसरताना दिसलं. डॉक्टर म्हणाले, आता याला चालवा, खोकायला लावा, लांब श्वास घ्यायला लावा. बाटली मात्र नेहमी छातीच्या खाली. वर गेली तर पाणी उलटं आत जाईल.

बेबीताईनं ते काम आपल्या अंगावर घेतलं. सकाळी नि संध्याकाळी देवानंदला उठवायची. "खोक."

"दुखते, आत्या."

"मंग जोरानं खोक. एकदाच दुखन."

तो शिव्या देत खोकायचा. मग दोघं वॉर्डाबाहेरच्या लांब व्हरांड्यात निघायची. देवानंद भिंत धरून, आणि बाजूला बेबीताई, गुडघ्यापाशी बाटली धरून. वाकून चालावं लागायचं. कंबर दुखायची. एकदा भगवंतनं बुडबुडे दिसतात का म्हणून बाटली उचलायला हात घातला. तिनं त्याच्या हातावर चापट मारली. "खाली!" तो मुकाट्यानं हात मागं घेऊन चालू लागला. व्हरांड्यातल्या लोकांना तिनं शिस्त लावली. नळीवर पाय पडेल म्हणून पोरांना हाकललं. झाडूवालीला थांबायला लावलं. एक नवा नातेवाईक विचारायला लागला, "मावशी, हे काय हाय?" तर तिनं उभ्या उभ्या त्याला सगळं समजावलं. फुफ्फुस, हवा, पाणी. तो मान हलवत गेला. परत येताना आणखी दोघांना घेऊन आला.

नळी काढायच्या आदल्या सकाळी ती दोघं अशीच चालत होती. व्हरांड्याच्या टोकाशी दार धाडकन उघडलं. स्ट्रेचर आत आलं. कुंदन पुढून ओढत होता. बाजूनं रागिणी धावत होती, एक हात पेशंटच्या मानेखाली, दुसऱ्या हातात सलाइनची बाटली वर धरलेली. केस सुटले होते. ती डॉक्टरांना पळता पळता सांगत होती, तशीच, एकही शब्द जास्त नाही.

"सरका!" बेबीताईनं आवाज चढवला. "सरका रे सगळे. डॉक्टरीणबाई येऊन राहिली. आमच्या गावची हाय!"

व्हरांडा दुभंगला. लोक भिंतीला चिकटले. देवानंदही चिकटला. रागिणी त्यांच्या शेजारून गेली. थांबायला वेळ नव्हता. तिची नजर फक्त एकदा खाली आली, बेबीताईच्या हाताकडे.

बाटली गुडघ्यापाशी होती. जिथं हवी तिथंच.

रागिणी पुढे गेली.